तिसऱ्या गिअरचा रस्ता

पहाटे ५.१५

एचएसआर लेआउटमध्ये या वेळी फक्त पाण्याचे टँकर, दुधाच्या गाड्या आणि झाडूवाल्या बायका जाग्या असतात. सत्ताविसाव्या मेनवरची कॉफीची दुकानं बंद, स्टार्टअपवाली मंडळी झोपलेली. मी डिकी भरते. पीएचचा आणि ईसीचा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा, मीटर, भिंग, निळे-पिवळे चिकट सापळे, पानांच्या नमुन्यांच्या पिशव्या, कात्री, गमबूट. गमबूट धुतलेले हवेत, कारण एका पॉलीहाऊसमधली बुरशी दुसऱ्यात नेणारी मी ठरले तर त्या गावात परत पाऊल ठेवायला नको. मग टायरची हवा. पेट्रोलपंपावरच्या मीटरवर माझा विश्वास नाही, स्वतःचा गेज ठेवते. शहरात हवा थोडी कमी असली तर खपून जातं. वळणांच्या रस्त्यावर तीच गाडी बाहेरच्या बाजूला कलंडल्यासारखी वागते, हे स्टिअरिंगला हात लावल्या लावल्या कळतं.

माझं काम गुलाबाचं. मावळात, पवना धरणाच्या बाजूला वाढले. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कात पहिली नोकरी केली आणि आता इथल्या एका कंपनीसाठी होसूर भागातल्या पॉलीहाऊसना सल्ला देते. घर बंगळुरात, शेतं तमिळनाडूत. अध्येमध्ये रस्ता. कामाचं गाव विचारलं तर मी हा रस्ताच सांगते.

५.५०

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. ज्या दोन रस्त्यांवरून वस्तीला नाव मिळालं त्यांतल्या एकाचंही कौतुक करावं अशी त्यांची आजची अवस्था नाही. सिल्क बोर्डाजवळून वर चढलं की इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा उड्डाणमार्ग. २०१०च्या जानेवारीत तो सुरू झाला. आता शेजारून मेट्रोची यलो लाइनही जाते, ऑगस्ट २०२५पासून. टोल भरायचा, पाय एकाच जागी ठेवायचा, संपलं. या तुकड्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला काही सापडलेलं नाही.

६.२०

चंदापुऱ्याला फाटा. सरळ गेलं की अत्तिबेले, होसूर, म्हणजे आपला राष्ट्रीय महामार्ग ४४, श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा. उजवीकडे वळलं की अनेकल. आजचं पहिलं पॉलीहाऊस देनकनीकोट्टैच्या अलीकडे आहे आणि नकाशा सांगतो, होसूरवरून जा. कंपनीही तेवढ्याच किलोमीटरचे पैसे देते. अनेकल-तळी मार्गे दहा-बारा किलोमीटर जास्त पडतात. मी उजवीकडे वळते. पदरचं पेट्रोल जाळून.

हौस म्हणा. पण हौसेलाही थोडा हिशेब असतो. महामार्गावरून गेले तर पॉलीहाऊसच्या दारात पोचेपर्यंत डोळे फक्त समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर. अनेकलच्या वाटेने गेले की धुकं कुठल्या तळ्यावर बसलंय, दव किती पडलंय, कुणाच्या शेतात रात्री पाणी फिरलंय, सगळं दिसत जातं. गुलाबावर केवड्याचा रोग येणार की नाही हे मला पॉलीहाऊसमध्ये शिरण्याआधीच निम्मं कळलेलं असतं. साहेबांना हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दर तोच ठेवला.

६.४५

अनेकलला स्टँडजवळ इडली-वडा, वरून चटणीचा लोट. उभ्याने खायचं. हॉटेलवाले अण्णा विचारतात, "अक्का, इवत्तू हूवा?" आज फुलं का? मी म्हणते, "हौदु अण्णा." ओळख एवढीच, पण रोजची.

७.०५

आता खरा रस्ता.

अनेकल सुटलं की पहिलं वळण एका तळ्याच्या बांधावर. इकडचे जुने रस्ते तळ्यांच्या बांधांवरून जातात, कारण पावसाळ्यात बैलगाडीला कोरडी जमीन तिथेच मिळायची. बांध संपला की शेताच्या बांधाला धरून, मग समोर काळ्या-करड्या ग्रॅनाइटची उघडी टेकडी आली की तिला वळसा. खडक फोडण्यापेक्षा वळणं परवडलं, म्हणून वळणं आली. त्यावर पुढे कुणीतरी डांबर टाकलं. आज सरकारी मापात दोन पदरी रस्ता सात मीटरचा. मधल्या मापाचा साडेपाच. या वाटेवर दोन्ही मापं एकाच किलोमीटरात भेटतात. जिथे चिंचेची जुनी झाडं दोन्हीकडून दाटलीत तिथे साइडपट्टीच नाही. डांबर संपतं आणि बुंधा सुरू होतो, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्याचा.

इथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवायची. चौथा टाकावा असं सरळ तुकड्यावर वाटतं, पण तो तुकडा तेवढ्यात संपतो आणि मग वळणाच्या तोंडाशी ब्रेक, क्लच, धांदल. तिसऱ्यात पाय नुसता उचलला की इंजिनच गाडीला आवरतं. वळणाआधी वेग उतरवायचा, वळणात हात स्थिर, रस्ता उघडायला लागला की हळूच दाबायचं. नजर बॉनेटच्या पुढे नाही, वळणाच्या टोकाला. रस्त्याच्या दोन कडा जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू आपल्यापासून दूर पळत असला तर वळण सैल आहे. तो जागीच थांबून आपल्या अंगावर येत असला तर वळण आवळतंय, पाय उचला. हे मला कुण्या शाळेत शिकवलं नाही. कामशेत ते पवनानगर रस्त्यावर बाबांच्या शेजारी बसून शिकले. ते "बघ, मिटतंय" एवढंच म्हणायचे.

गंमत अशी की या रस्त्यावर वेग पन्नासच्या वर क्वचित जातो आणि तरी एक क्षणही रिकामा जात नाही. नंदी हिल्सला रविवारी पहाटे गाड्यांची रांग लावणारे माझ्या सोसायटीतले तरुण विचारतात, "ताई, तिकडे व्ह्यू पॉइंट काय आहे?" काहीच नाही. थांबून बघण्यासारखी एकही जागा नाही. जे आहे ते गाडी चालत असतानाच आहे. डावीकडे रेशीमवाल्याची तुतीची पट्टी, मग निलगिरी, मग एकदम उघडं तळं आणि त्यात उभे बगळे, मग वळण, मग शाळा, मग पुन्हा निलगिरी. थांबलं तर नुसतं शेत.

समोरून तमिळनाडूची बस येते. बसवाला हॉर्न वळणाच्या आधी देतो, वळणात नाही. त्यावरून त्याला रस्ता पाठ आहे हे कळतं. मी डावीकडचं चाक मातीत उतरवते, तो तळहात काचेला टेकवून पुढे जातो. अरुंद चढावर मात्र वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा घाटातला जुना रिवाज २०१७च्या केंद्राच्या वाहनचालन नियमांतही आहे. तो पाळतात ते ट्रॅक्टरवाले आणि बसवाले. मोडतात ते बहुतेक माझ्याच पिनकोडचे.

७.४०

जानेवारीत या रस्त्याचं खळं होतं. एका वळणापलीकडे अर्धा रस्ता नाचणीच्या कणसांनी अंथरलेला, दोन्ही टोकांना दगड लावलेले. गाड्यांनी वरून जावं आणि मळणी फुकटात व्हावी. बांधकाम खातं आणि पोलीस दरवर्षी मनाई करतात, दरवर्षी नाचणी अंथरली जाते. काठाला बसलेली आजी हाताने खूण करते, मधून ये. मी मधून जाते. टायरखाली बारीक चरचर होते, चाक किंचित सुटल्यासारखं वाटतं. अशा वेळी स्टिअरिंगही हलवायचं नाही आणि ब्रेकही नाही.

नाचणीचं एक ठीक. हुलगा मात्र मी चुकवते. त्याच्या वेलांचे वाळलेले ताणे गाडीच्या पोटाखाली गुंडाळतात, सायलेन्सरच्या उष्णतेने धुमसतात, आणि अशा हुलग्याने गाडी पेटल्याच्या बातम्या कर्नाटकात अधूनमधून येतातच. आज पुढच्या गावाबाहेर हुलगाच पसरलेला. मी थांबते, दोन बाया हसत हसत गाडीच्या रुंदीएवढी वाट उकरून देतात. मागून एसयूव्हीवाला हॉर्न वाजवतो. बायांना घाई नाही, मलाही नाही. रस्ता त्यांच्या दारातला आहे, आम्ही दोघे वाटसरू.

याच सुमाराला राज्य बदलतं. पाट्यांवरची अक्षरं कन्नडची तमिळ होतात, विजेच्या खांबांचा रंग बदलतो, जमीन तीच राहते.

८.१५

तळी. ब्रिटिशांनी इथल्या थंडाव्यामुळे या गावाला लिटिल इंग्लंड म्हटलं. आज सकाळी कानटोप्या घातलेली माणसं चहाच्या टपरीभोवती बघून त्यांचं म्हणणं पटतं. इथून एक फाटा जवळगिरीच्या जंगलाकडे, एक देनकनीकोट्टैकडे. टपरीवर चौकशी करायची ती एकाच गोष्टीची, "यानै?" हत्ती? चहावाला जवळगिरीच्या दिशेला हनुवटी उडवतो. म्हणजे कळप तिकडे आहे.

नाचणी पिकते तेव्हा बन्नेरघट्ट्याच्या बाजूने हत्तींचे कळप इकडे उतरतात. त्यांची ही वाट रस्त्यांच्या आधीपासूनची. तमिळनाडूने २०१४ साली सुमारे ५०० चौरस किलोमीटरचं कावेरी उत्तर अभयारण्य जाहीर केलं, त्यात हा पट्टा येतो. हत्तीला अभयारण्याची हद्द कुठे संपते ते माहीत नसतं, नाचणी कुठे सुरू होते ते मात्र असतं.

९.१०

पॉलीहाऊस. बाहेर कुडकुडायला होतं, आत शिरलं की दमट ऊब आणि ओल्या कोकोपीटचा वास. व्हॅलेंटाइनचा माल उभा आहे, जात ताजमहाल. डिसेंबरच्या मध्यावर शेंडे खुडले, आता फुटव्यांच्या टोकाला वाटाण्याएवढी कळी. रात्री थंडी वाढली तर ही कळी मागे पडते आणि चौदा फेब्रुवारी काही थांबत नाही.

मी गुडघ्यावर बसून खालची पानं उलटी करते. एका गादीवर सात-आठ पानांवर जांभळट, वेडेवाकडे डाग. भिंग लावलं की पानाच्या पाठीवर करडी लव. केवडा. वरची पानं हिरवीगार, कुणाला संशय येऊ नये अशी. शेतकरी अण्णा माझा चेहरा बघून विचारतात, "डाउनी?" मान हलवते. रात्री थंडी लागेल म्हणून पोराने बाजूचे पडदे गच्च लावले आणि सकाळी उघडायला उशीर केला. आतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर तासन् तास राहिला की याला दुसरं काही लागत नाही. येताना डाव्या हाताच्या तळ्यावर धुकं झाडांच्या कमरेपर्यंत होतं, तेव्हाच मला या कोपऱ्याची भीती वाटली होती. डाग पडलेली पानं काढून पिशवीत, पिशवी बाहेर नेऊन जाळायची. पडदे सकाळी सातलाच थोडे उघडायचे. फवारणी आज संध्याकाळी नको, उद्या सकाळी, पानं सुकायला ऊन मिळेल अशी.

खताच्या टाकीची ईसी १.८, पीएच सहाच्या आसपास. तिथे कुरबूर नाही.

१२.००

दुसऱ्या पॉलीहाऊसकडे. मधला तुकडा खडीच्या खाणींचा. टिपर धावतात, रस्त्यावर बारीक खडी सांडते आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला जमते. तिथे गाडी आतल्या कडेला धरून सावकाश. खाणीचा धुरळा चिंचांवर बसलेला. सुंदर रस्ता म्हणून ज्याची तारीफ करावी त्याचे असे काही किलोमीटर असतातच, फोटो काढणारे ते वगळतात. दुसरीकडे लाल कोळी, फार नाही. पाणी पानांच्या खालून मारा म्हणून सांगून निघाले.

१.३०

खानावळीत नाचणीचा उंडा आणि हुलग्याचं सार. हे सार आपल्या कळणाचा तिखट भाऊ. उंडा चावायचा नाही, साराबरोबर गिळायचा. मला अजून ते नीट जमत नाही आणि वाढणारी बाई दर वेळी ते बघायला थांबते.

३.००

ऑफिसची व्हिडिओ मीटिंग. नेटवर्क एका चिंचेखालीच मिळतं. गाडी साइडपट्टीवर घेऊन लॅपटॉप स्टिअरिंगवर टेकवते. विषय, सल्लागारांच्या फेऱ्या कमी कशा करता येतील. एचएसआरच्या काचेच्या खोलीतून एक मुलगा पडद्यावर नकाशा दाखवतो, त्यात माझी सगळी पॉलीहाऊसं सरळ रेषांनी जोडलेली. फोनवर फोटो मागवले तर निम्म्या फेऱ्या वाचतील, असं तो म्हणतो. चूक नाही त्याचं. फक्त शेतकरी पानाचा फोटो वरून काढतो आणि केवडा खालून असतो. एवढं मी बोलते. तेवढ्यात शेजारून शेळ्यांचा कळप जातो आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना तो ऐकू जातो.

४.१५

तिसरी भेट लहान शेतकऱ्याची, अर्ध्या एकराचं पॉलीहाऊस. त्याची मुलगी कॉलेजातून आलेली. ती माझ्या गाडीच्या चावीकडे बघत विचारते, "अक्का, एकट्या चालवता? भीती नाही वाटत?" मी म्हणते, वाटते, सिल्क बोर्डाला. ती हसते. खरं उत्तर थोडं वेगळं आहे. या रस्त्यावर टायर बसला तर पाच मिनिटांत कुणीतरी मोपेड थांबवतं, आणि अंधार पडल्यावर मी तळीच्या बाजूने परतत नाही. दोन्ही गोष्टी मिळून माझं धैर्य.

५.३०

आज उशीर होण्याचं कारण हत्ती. एका उतारावर वनखात्याच्या माणसांनी दोन्हीकडच्या गाड्या थोपवलेल्या. कळप रस्ता ओलांडेपर्यंत इंजिन बंद, दिवे बंद, हॉर्न अजिबात नाही. दूर निलगिरीत फांद्या मोडल्याचा आवाज, एकदाच एक राखाडी पाठ, आणि फटाक्यांचा वास.

मी आईला फोन करून सांगते, "अगं, हत्तींमुळे थांबलेय, जेवून घे तू." शेजारच्या मोपेडवरचे म्हातारे गृहस्थ वळून बघतात. "तुमी मराठी काय?" उच्चार सगळा इकडचा, शब्द आपले. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. कुठल्या गावाहून आलात, हे त्यांना सांगता येत नाही, आजोबांच्याही आधीची गोष्ट. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाल्यापासून या मुलखात मराठी माणसं येत राहिली, त्यांतली कितीतरी याच रस्त्यांवरच्या गावांत मुरली. कृष्णगिरीकडचं नाचिकुप्पम हे रजनीकांतच्या घराण्याचं गाव, ही गोष्ट ते अभिमानाने सांगतात. शिवाजीराव गायकवाड हे त्याचं मूळ नाव मला माहीत आहे हे कळल्यावर ते खूश. तो बंगळुरात बसचा कंडक्टर होता, हे मी सांगते. "मग त्याला हे रस्ते नको का ठावं?" ते म्हणतात. त्याची बस शहरातली होती, असं मी काही बोलत नाही.

वनरक्षक शिट्टी देतो. गाड्या सुटतात. ते म्हातारे जाता जाता ओरडतात, "सावकाश जा गे, अंधारतंय!"

६.४०

परतीला होसूरची वाट. अंधार पडायला लागला की दोन पदरी रस्त्याची सगळी मजा उतरते, हे कबूल. समोरून येणारा अपर बीम उतरवत नाही, मग मी नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवते, जिथे रेषा आहे तिथे. बिनदिव्याची बैलगाडी, बिनदिव्याचा ट्रॅक्टर, काळ्या शालीतला माणूस. मत्तिगिरीचं ते ब्रिटिशांच्या काळापासूनचं जनावरांचं फार्म अंधारात नुसतं कुंपण. तिथून पुढे रस्ता सरळ आणि दिव्यांचा.

होसूरजवळच केलवरपल्लीचं धरण आहे. त्याच्या पाण्यावर पांढरा फेस येतो. आमच्या आगरा तळ्याचं जादा पाणी बेळ्ळंदूरला, तिथून वर्तूरला आणि दक्षिण पिनाकिनीतून या धरणात. मी सकाळी डिकी भरण्याआधी आंघोळीला वापरलेलं पाणीही मावळत्या दिशेने नाही, इकडेच निघतं. त्या पाण्यावरची शेती मी तपासते तेव्हा ईसीचा आकडा बघून मान खाली घालावीशी वाटते.

८.५०

अत्तिबेले, बोम्मसंद्रा, उड्डाणमार्ग, उतरणीवर अर्धा तास. एचएसआरच्या कोपऱ्यावर एकाच वेळी सहा डिलिव्हरीवाले उलट्या दिशेने. गाडी तळघरात लावते. वॉचमन दादा वाकून बघतात, "मॅडम, खाली गवत अडकलंय." सायलेन्सरजवळ हुलग्याचे दोन ताणे, तापून तपकिरी झालेले. वाट उकरून दिली तरी दोन आलेच. सांडशीने काढून टाकते.

९.३०

जेवण, आणि मग प्रवासखर्चाचा फॉर्म. "निघालेलं ठिकाण" एचएसआर, "पोचलेलं ठिकाण" देनकनीकोट्टै. अंतराचा रकाना आपोआप भरतो, महामार्गाने. त्याखाली एक चौकट असते, "मार्ग बदलला असल्यास कारण". आजपर्यंत ती रिकामी सोडत आले. आज त्यात लिहिलं, "केवडा. धुकं तळीच्या रस्त्यावरून दिसतं." हिशेबवाल्यांनी याचं काय करायचं ते करोत. उद्याची भेट सर्जापूरच्या बाजूची आहे. तिथल्या शेतकऱ्याचा निरोप आलाय, मोठा रस्ता खणून ठेवलाय मॅडम, गावातून या, जरा वळणं आहेत.